बस्त्याचा बेत

धाकटीचं लग्न ठरलं आणि बस्ता पुण्यात बांधायचा असं बाबांनी कळवलं, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भीती वाटली, आणि ती बस्ता होईपर्यंत गेली नाही.

बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी, पण ती दोन्हीकडच्यांनी एकाच दुकानात, एकाच गादीवर बसून करायची असते. नवरीच्या साड्या मुलाकडचे घेतात, नवरदेवाचे कपडे मुलीकडचे. मग दोन्हीकडच्या आत्या, मामी, काकू, मावशी यांच्या मानाच्या साड्या निघतात, आणि खरी परीक्षा तिथे असते. आत्याची साडी मामीच्या साडीपेक्षा जरा हलकी निघाली की आत्या त्या दिवशी काही बोलत नाही. ती पुढे आयुष्यभर बोलते. माझ्या आईच्या लग्नातला असाच एक रुसवा मी कॉलेजात जाईपर्यंत चालू होता. ज्या साडीवरून तो सुरू झाला, तिचं पायपुसणं होऊन तेही फाटून गेलं होतं.

नवरदेव खडकीचा होता. दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला, वडीलही तिथूनच निवृत्त झालेले, राहायला क्वार्टर. मूळ घर आमच्यासारखंच वऱ्हाडातलं. बाबांना त्यांच्या शाळेतल्या कोणीतरी सांगितलं होतं की पुण्यात लक्ष्मी रोडला कपडा स्वस्त आणि चांगला मिळतो. शिवाय थोरली मुलगी पुण्यातच, कॉम्प्युटरमध्ये. म्हणजे सगळा बेत आखण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. "तू तिथंच अस्तं. पैशात बसव फक्त," एवढंच बाबा म्हणाले.

पैशात बसवणं अवघड होतं, पण ते जमलं असतं. मला भीती वाटत होती ती एका साडीची.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म घेतला तेव्हापासून आमच्याकडे नवरी पांढरी साडी नेसून लग्नाला उभी राहते. नवरदेवही पांढऱ्या कपड्यांत असतो. हिरवा चुडा, पिवळी साडी, मुंडावळ्या यातलं काही नाही. नवरीसाठी पांढरी साडी मागितली की पुढचं काही सांगावं लागत नाही. मागणारी माणसं कोण, ते ऐकणाऱ्याला कळतं. आणि मी कर्वेनगरात ज्या काकूंच्या बंगलीत वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते, त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं.

ते दिवस असे होते की दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार अशी हवा होती, आणि ते पडू नयेत म्हणून आमच्यासारख्या पोरापोरींना धडाधड नोकऱ्या मिळत होत्या. मला नोकरी पहिल्याच मुलाखतीत मिळाली. खोलीसाठी मात्र चपला झिजल्या. मुलाखतीत मला प्रोग्राम लिहायला सांगितला होता, खोलीवाले आडनाव विचारत, मग गाव विचारत, मग जरा थांबून विचारत, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" सुरुवातीला मी सरळ सांगत असे. मग कुणाचा पुतण्या अचानक शिकायला येणार असे, कुणाच्या खोलीत अचानक ओल निघे. ही ओल पुण्यात भर उन्हाळ्यात निघत होती. माझं आडनाव असं आहे की ते चार-पाच जातींत सापडतं. काकूंनी ते ऐकलं, "विदर्भातल्या का? बरं," असं म्हणाल्या आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं. मी ते खोडलं नाही. त्यांनी ठरवलेल्या जागी मी गुपचूप बसून घेतलं.

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. जिभेला धार होती, पण माणूस वाईट नव्हतं. पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "जिना लाकडी आहे. चढता उतरताना आपण जिवंत आहोत हे सगळ्यांना कळवायची गरज नाही." सहा महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. सणाला वर ताट यायला लागलं. प्रत्येक ताटाबरोबर माझी भीती वाढत होती, कारण आता नुसती खोली जाणार नव्हती, मी फसवलं असंही ठरणार होतं. कपाटात बुद्धांची एक छोटी तसबीर होती, ती मी कपड्यांच्या थप्पीमागे ठेवत असे. काकू माझ्या कपाटाला कधी हात लावत नसत, तरी ती तिथेच असे.

त्यात फोन खाली. मोबाइल तेव्हा कंपनीच्या साहेबांकडे होते, आमच्यासारख्यांकडे नव्हते. आई गावातल्या एसटीडी बूथवरून रविवारी फोन लावायची. काकू जिन्याकडे तोंड करून हाक मारत, "फोन आहे गं. लवकर ये, त्यांचं बिल चढतंय." मी खाली आले की त्या उठून आत जात नसत. त्यांचं घर, त्यांची बैठक, त्यांनी का उठावं? समोर बसून त्या गवार मोडत राहत.

आईला फोनवर हळू बोलता येत नसे. गावाहून पुण्यापर्यंत आवाज आपणच पोचवायचा आहे अशा बेताने ती बोले. बस्त्याचं ठरलं त्या रविवारी तिने विचारलं, "अन् पांढरी कुठं घ्याची वं? भेटते का तिकडं चांगली?"

रिसीव्हर मी कानावर इतका दाबला की कान दुखला. "ते बघू," मी म्हटलं.

"पाहू काय? नवरीची पांढरी म्हन्तो मी."

"आई, बिल वाढतंय."

फोन ठेवला तर काकू माझ्याकडेच बघत होत्या. "आई काय म्हणत होत्या?"

"साड्यांचं," मी म्हटलं.

"ते साऱ्या गल्लीला कळलं. बहिणीचा बस्ता का? कुठून घेणार?"

मी लक्ष्मी रोड म्हणाले, आणि तिथेच चुकले. काकूंनी गवार खाली ठेवली. त्यांच्या लग्नाचा शालू ज्या दुकानातून आला होता तिथेच त्या अजून जात होत्या. मालक त्यांच्याशी घासाघीस करत नसे, आधीच कमी सांगत असे. "तुम्ही गावाकडच्या बायका अशाच गेलात तर तो सोलून काढेल. मी येते."

"तुम्हाला उगाच त्रास होईल, काकू."

"त्रास मला होणार आहे ना? मग तू कशाला काळजी करतेस?"

खरं सांगायचं तर मला नाही म्हणता आलं असतं. काहीतरी सबब सापडली असती. पण बाबांचे पैसे आणि माझ्या पगारातले मिळूनही मानाच्या साड्या पुऱ्या पडत नव्हत्या, आणि काकूंच्या ओळखीने त्या पडल्या असत्या. ज्या बाईपासून साडी लपवायची, तिच्याच ओळखीवर बस्ता स्वस्तात बांधायचा, असा तो पेच होता. मी हो म्हणाले आणि वर जाऊन पाणी प्यायले.

कंपनीत मी दिवसभर काय करत होते? जुन्या प्रोग्राममधून साल लिहिलेल्या जागा शोधायच्या, दोन आकड्यांच्या जागी चार करायचे, आणि एका ठिकाणी हात लावला तर दुसरीकडे काय कोसळेल याचा आधी विचार करून ठेवायचा. तीच सवय मी बस्त्याला लावली. समोर पडद्यावर हिरवी अक्षरं आणि डोक्यात साड्या. काकूंना दुपारचं जेवण आणि त्यानंतरची गोळी एकच्या आत लागे, त्यात कधी बदल होत नसे. तेव्हा सकाळी लवकर काकूंच्या दुकानात जायचं. आधी मानाच्या साड्या घ्यायच्या, कारण ओळखीचा खरा उपयोग तिथे होता. मग नवरीच्या रंगीत साड्या. बारा-साडेबाराला काकूंना रिक्षात बसवून द्यायचं, आणि मग आम्ही सगळ्या खडकीला जाऊन तिथल्या बाजारात पांढरी साडी घ्यायची. सगळ्यात शेवटी, आणि काकूंपासून सगळ्यात लांब.

एका रविवारी मी खडकी बाजारात जाऊन बघूनही आले. दुकानदाराला इतक्या हळू विचारलं की त्याला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. पांढऱ्या साड्या भरपूर होत्या आणि भाव परवडणारा होता. परतताना बसमध्ये मला जरा बरं वाटलं. डेक्कन येईपर्यंत ते टिकलं. मग मनात आलं, काकू म्हणाल्या की आज गोळी उशिरा घेते, तर?

आईला हे सांगणं भाग होतं, पण काकूंच्या बैठकीतून ते शक्य नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत कंपनीजवळच्या बूथवरून मी गावच्या बूथवर फोन लावला. बूथवाल्याने निरोप धाडून आईला बोलावून घेतलं. मी सगळा बेत सांगितला. पलीकडे आई कधी नव्हे ती गप्प होती.

मग म्हणाली, "तू भाडं देतं ना त्या बाईले?"

"देते."

"टायमावर?"

"वेळेवर देते, आई. पण ही खोली गेली तर मला दुसरी मिळणार नाही. मग नोकरी कशी करू? स्टेशनवर झोपून?"

"काहून येवढी भेतं वं तू," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग, "बरं. तू म्हन्शीन तसं." तिला लागलं होतं, ते मला कळलं. पण मी त्या क्षणी एवढी घाबरलेली होते की तिच्या लागण्याकडे बघायला मला सवड नव्हती. बाबांचं मत वेगळं होतं. ते माझ्या बाजूने होते, आणि ते मला जास्त टोचलं. दिवाळीतच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "सांगत फिरू नको. नोकरी पाह्य आधी."

नवरदेवाच्या आईला मात्र मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? की नवरीची शिकलेली ताई पुण्यात आपली ओळख लपवून राहते? त्यांची हयात खडकीच्या क्वार्टरमध्ये आपल्या माणसांत गेली होती. कुणापासून काय लपवायचं, हा प्रश्न त्यांना पडला नसता. त्यातून त्या घरी माझ्या बहिणीला नांदायचं होतं.

बस्त्याच्या आदल्या दिवशी आई आणि धाकटी आल्या. काकू फाटकातच भेटल्या. आमच्यात माणसं भेटल्यावर जे म्हणतात ते म्हणायला आईने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडून ती "नमस्कार" म्हणाली. काकू म्हणाल्या, "या. प्रवास नीट झाला ना? पाणी सकाळीच भरून ठेवलंय, जपून वापरा." वर येताना आईने जिना आवाज न करता चढला, मी काही सांगितलेलं नसताना.

धाकटी खिडकीत बसून खालची बाग बघत होती. तिला खोली फार आवडली. "ताई, किती मस्त गं. इथं तर कोणी ओरडतबी नाई," ती म्हणाली. आईने साडी ठेवायला कपाट उघडलं. कपडे सरकवताना तसबीर तिच्या हाताला लागली. तिने ती बाहेर काढली, पदराने काच पुसली आणि परत तिथेच, कपड्यांच्या मागे ठेवली. कपाट लावून घेतलं. मग ती म्हणाली, "चाय कर." मी चहा केला.

सकाळी निघालो. काकू पुढे, आम्ही तिघी मागे. लक्ष्मी रोडवर दुकानाच्या दारात नवरदेवाची आई आधीच उभी होती, एकटीच. घरचे पुरुष कामावर होते. मी ओळख करून दिली. काकूंना सांगितलं, या बहिणीच्या सासूबाई. त्यांना सांगितलं, या माझ्या काकू, म्हणजे घरमालकीण. नवरदेवाची आई खुशीत होती. "आमच्या सुनेच्या बस्त्याला पुण्याचं माणूस सोबत, मग काय," ती म्हणाली. मी हसले.

दुकानात खाली पांढरी गादी अंथरलेली होती. काकूंना बघून मालक गल्ल्यावरून उठला. सगळं बेताप्रमाणे चाललं होतं. काकूंनी बसल्या बसल्या सेल्समनला सांगितलं, "आधी आहेराच्या काढा. हलक्यातल्या नकोत आणि आम्ही टाटा-बिर्ला आहोत असंही समजू नका." त्याने मागच्या कपाटातून एक गठ्ठा ओढला, गाठ सोडली, आणि पहिली साडी झटकून उलगडणार तेवढ्यात नवरदेवाच्या आईने गादीवर हात ठेवला.

"थांबा हो. अजून नवरीचा कपडा नाही झाला."

सेल्समन थांबला. मी म्हटलं, "नवरीच्या नंतर निवांत बघू ना. आधी या होऊन जाऊ द्या."

"अगं, असं कसं? पहिला कपडा नवरीचाच पडतो गादीवर. त्याच्या आधी दुसऱ्याचा नाही पडत." मग आईकडे वळून, "काय हो विहीणबाई, तुमच्याकडे असंच ना?"

आईने मान हलवली. ती खालीच बघत होती. तिला हे माहीत होतं. माझा बेत ऐकताना, बूथवर, तिला हे नक्की आठवलं असणार, आणि तरी ती 'तू म्हन्शीन तसं' म्हणाली होती. मी आठवीपासून वसतिगृहात वाढलेली. बस्त्याच्या गादीवर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसत होते, आणि बेत मी आखला होता.

"मग रंगीतातली एक काढू या तिची," मी म्हटलं.

"रंगीत नाही गं पोरी. लग्नाची. पांढरी."

काय होईल याचे मी इतके प्रकार कल्पून ठेवले होते, पण हा नव्हता. सेल्समनने मान वर न करता विचारलं, "बौद्ध पद्धतीचं लग्न का? मग काठाची दाखवू की पूर्ण जरीची?" आणि वरच्या माळ्याकडे बघून ओरडला, "ए, बौद्ध लग्नाच्या पांढऱ्या टाक रे खाली. चांगल्यातल्या." शेजारच्या गादीवर कोणी पडदे बघत होतं, त्यांनी मानही वळवली नाही. मालक गल्ल्यावर नोटा मोजत होता, तो मोजत राहिला. सगळ्या लक्ष्मी रोडला हे रोजचं होतं. मी महिनाभर ज्या शब्दाला जिवाच्या भीतीने झाकत होते, तो त्याने गिऱ्हाइकाला मापं विचारावीत तसा विचारून टाकला.

वरून गठ्ठा धपकन पडला. मला काकूंकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मला त्यांचा हातच दिसत होता, मांडीवरच्या पर्सवर ठेवलेला. तो हलत नव्हता. नवरदेवाची आई एकेक साडी धाकटीच्या खांद्यावर टाकून बघत होती, सेल्समन किमती सांगत होता, आणि मी मनातल्या मनात माझी बॅग भरत होते. कुठल्या मैत्रिणीकडे जाता येईल? किती दिवस? कंपनीत काय सांगायचं?

तेवढ्यात तो हात हलला. काकूंनी धाकटीच्या खांद्यावरची साडी ओढून घेतली, दाराच्या उजेडाकडे धरली. "ही नको. हा पांढरा एका धुण्यात पिवळा पडेल." सेल्समनला म्हणाल्या, "मला शिकवू नका. दुसरी काढा." मग दुसरी, तिसरी. शेवटी एक बारीक निळ्या काठाची निघाली. धाकटीने ती अंगाला लावून आरशात पाहिलं आणि लाजली. ती इतकी सुंदर दिसत होती की क्षणभर मी घाबरायची विसरले. नवरदेवाची आई म्हणाली, "तुमची नजर चांगली आहे हो." काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं साड्या नेसतेय. तेवढी यायलाच हवी."

मग मानाच्या साड्या झाल्या, रंगीत झाल्या, नवरदेवाचं कापड झालं. एक वाजून गेला, दीड वाजला, काकू उठल्या नाहीत. मालकाकडून त्यांनी एवढं कमी करून घेतलं की तो शेवटी म्हणाला, "बाई, आता दुकानच नावावर करून देऊ का?" बस्ता पैशात बसला. काकू माझ्याशी मात्र सबंध वेळात एक शब्द बोलल्या नव्हत्या.

नवरदेवाची आई सगळ्यांना जेवायला खडकीला घेऊन निघाली. मीही जाणार होते. काकू म्हणाल्या, "मला रिक्षा बघून द्या." मी रिक्षा थांबवली. त्या बसल्या, सरकल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्हीही बसा." आईने माझ्याकडे पाहिलं. "जाय," ती म्हणाली.

रिक्षा डेक्कनकडे निघाली. पूल ओलांडल्यावर काकू बाहेर बघतच म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत."

महिनाभर मी या वाक्याला घाबरत होते. ते आलं, आणि मला राग आला. कुठून आला कोण जाणे. "सांगितलं असतं तर खोली दिली असतीत?"

काकू विचार करत होत्या, खरोखरच. त्याचं श्रेय मी त्यांना आजही देते. 'हो' म्हणणं फार सोपं होतं.

"नसती दिली," त्या म्हणाल्या.

"म्हणून नाही सांगितलं."

कर्वे रोडला सिग्नल लागला. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. काकू म्हणाल्या, "आता राहताय तर राहा. मी काही जा म्हणत नाही."

बस. खोली वाचली होती. ज्याच्यासाठी मी आईला फोनवर गप्प केलं, आठवडेच्या आठवडे झोप घालवली, ते मला मिळालं होतं. मी "बरं" म्हणाले. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मी त्यांच्या पाया पडेन. पण मला एवढंच सुचत होतं की वेळेवर भाडं भरून मी ज्या खोलीत राहते, तिथे राहायची मला आज परवानगी मिळाली आहे. आणि पुढे जिना चढताना रोज ती आठवणार आहे.

लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिले. काकू लग्नाला आल्या, धाकटीला आहेर दिला, आईशी बराच वेळ बोलल्या. मग मी नवीन खोली बघायला लागले. काकूंनी का म्हणून विचारलं नाही. अनामत रक्कम पै न पै परत दिली.

या वेळी मी सगळीकडे आधीच सांगत गेले, भाडं विचारायच्याही आधी. पहिल्या घरी चहा मिळाला, खोली मिळाली नाही. दुसऱ्या घरी पुतण्या येणार होता. एका ठिकाणी 'खोली भाड्याने देणे आहे'ची पाटी पुढे किती तरी दिवस तशीच लटकत होती. माझा बस स्टॉप तिच्या समोरच होता. तरी दर वेळी मी तेच वाक्य पहिलं म्हणायचे.

मग खडकवासल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सोसायटीत दार उघडलं ते पिठाच्या हातांच्या एका बाईंनी. मी उंबऱ्याबाहेरच म्हटलं, "मी बौद्ध आहे. खोली बघायला आले होते."

बाई कोपराने केस मागे सारत म्हणाल्या, "बरं. पण आमच्याकडे पाणी सकाळी तासभरच येतं हो. चालेल का?"

मला उत्तर देता येईना. त्यांना वाटलं, पाण्याचं ऐकून मी विचारात पडले.